डाउनलोड केलं तर चालतं का?

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना वेळेअभावी राहून गेलेले दोन-तीन मुद्दे लिहून देताना भरले आहेत.)

व्यासपीठावरचे आदरणीय सर, बाई, आणि समोरच्या बाकांवर कसेबसे मावलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

हे बाक तेव्हाही एवढेच होते का, हा प्रश्न सकाळपासून सगळ्यांचा विचारून झालाय, म्हणून मी तो विचारत नाही. माझा प्रश्न दुसरा आहे आणि तो मुळात माझा नाही, आपल्या ग्रुपचा आहे.

मागच्या पावसाळ्यात ग्रुपवर कुणीतरी एका गाजलेल्या मराठी कादंबरीची पीडीएफ टाकली. अख्खी, मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत. खाली शेवटच्या बाकावरच्या आपल्या एका मित्राने विचारलं, "अरे, हे डाउनलोड करणं कायदेशीर आहे का?" अर्ध्या तासात उत्तरं आली. टोरांटोहून आलं, "इथे चालतं बहुतेक." बाझेलहून आलं, "आमच्याकडे चक्क कायदेशीर आहे." टोकियोहून आलं, "बाबांनो, इथे तुरुंग आहे, मला टॅग करू नका." आणि नाशिकहून आलं, "सगळे करतात." गंमत म्हणजे यातलं कुणीच पूर्ण चुकीचं नव्हतं. नाशिककर सोडून, कारण त्याने प्रश्नाचं उत्तरच दिलं नव्हतं. शाळेतही तो असंच करायचा.

संयोजकांनी मला या विषयावर बोलायला सांगितलं त्याचं कारण मी कायदेपंडित आहे असं नाही. मी यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात काम करणारा इंजिनिअर आहे. कारण एवढंच, की आपल्या तुकडीत या प्रकरणात खरोखर पैसे मोजलेला मी एकटा आहे.

ते सांगण्याआधी थोडं मागे जातो. एसटी स्टँडसमोरचं कॅसेटचं दुकान आठवतंय? ९० मिनिटांची कोरी कॅसेट न्यायची, वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहायची, दोन दिवसांनी भरलेली कॅसेट मिळायची. यादीत जागा उरली तर दुकानदार स्वतःच्या पसंतीचं एखादं भरून द्यायचा. गणपतीत वर्गणी काढून व्हीसीआर आणायचा आणि चौकात रात्रभर तीन सिनेमे. १९५७ सालचा कॉपीराइटचा कायदा तेव्हाही होता. त्या कायद्याने पाहिलं तर गाणी भरून विकणारा दुकानदार आणि चौकात सिनेमा दाखवणारं मंडळ, दोघंही दोषी होते. घरी बसून कॅसेट ऐकणारा मात्र कायद्याच्या फारसा नजरेत नव्हता. हा फरक लक्षात ठेवा. पुढे सगळ्या देशांत तोच पुन्हा पुन्हा भेटतो: घेणारा वेगळा आणि वाटणारा वेगळा.

आता माझी गोष्ट. मी जर्मनीत फ्रायबुर्गजवळ राहतो. २०१८ साली माझा भाचा तिथे शिकायला आला. खोली मिळेपर्यंत तीन आठवडे आमच्याकडे होता. गुणी पोरगा. भांडी घासायचा, माझ्या मुलीचा गणिताचा अभ्यास घ्यायचा. तो त्याच्या वसतिगृहात गेला आणि दोन महिन्यांनी माझ्या नावाने एक जाड लिफाफा आला. एका वकिली कार्यालयाचं पत्र. त्यात सिनेमाचं नाव, तारीख, मिनिट आणि सेकंदासकट वेळ, आणि माझ्या घरच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक. मागणी दोन गोष्टींची: नऊशेच्या आसपास युरो भरा, आणि पुन्हा असं करणार नाही अशा हमीपत्रावर सही करा. पुन्हा केलंत तर काही हजार युरोंचा दंड. या पत्राला तिकडे 'आबमाहनुंग' म्हणतात. इशारापत्र म्हणा. भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांमध्ये हा शब्द नमस्कार-चमत्काराच्या जर्मनआधी शिकला जातो.

मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, मी तिथे काहीच डाउनलोड केलं नाही. तो सिनेमा मी पुण्यातच उतरवला होता." आणि तो खरं बोलत होता. झालं होतं असं, की त्याच्या लॅपटॉपमध्ये टॉरेंटचा प्रोग्राम होता, तो लॅपटॉप चालू केला की आपोआप सुरू व्हायचा, आणि पुण्यात उतरवलेला तो सिनेमा आमच्या घरातून जगाला वाटत बसायचा.

टॉरेंट कसं चालतं हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आपल्याच वर्गातलं उदाहरण देतो. परीक्षेच्या आधी एका मुलीची इतिहासाची वही वर्गभर फिरायची. समजा तिने वहीची पानं सुटी केली आणि एकेक पान एकेकाला दिलं. ज्याचं पान उतरवून झालं, तो ते शेजाऱ्याला देतो आणि त्याच वेळी दुसरं पान घेतो. शेवटी सगळ्यांकडे सगळी वही. यात नुसता घेणारा कुणीच नसतो. प्रत्येक जण घेता घेता देत असतो. म्हणून ज्या देशात 'घेणं' माफ आहे तिथेही टॉरेंट माफ होत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने तुम्ही वाटप करता. आणि वाटप करणाऱ्यांच्या जोडणीचे क्रमांक त्या घोळक्यात शिरलेल्या कुणालाही दिसतात. हक्कदारांनी नेमलेल्या कंपन्या त्या घोळक्यात शिरून क्रमांक टिपतात, न्यायालयाच्या आदेशाने इंटरनेट कंपनीकडून नाव-पत्ता मिळवतात, आणि लिफाफा निघतो.

मी एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी मला जे सांगितलं ते ऐकून माझी झोप उडाली. पैशामुळे नव्हे. त्या म्हणाल्या, तुम्ही सुटू शकता. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे २०१६ साली अगदी असंच प्रकरण आलं होतं. ऑस्ट्रेलियात राहणारी भाची पाहुणी म्हणून आलेली, तिच्या मुक्कामात सिनेमा वाटला गेलेला, पत्र यजमानीणबाईंना. न्यायालयाने सांगितलं, सज्ञान पाहुण्याला आधी तंबी देऊन ठेवण्याची जबाबदारी यजमानावर नाही. म्हणजे मी मोकळा. पण त्यासाठी मला सांगावं लागणार होतं, की हे माझ्या भाच्याने केलं, त्याचं नाव हे, पत्ता हा. वर्षभराने, २०१७ मध्ये, त्याच न्यायालयाने एका कुटुंबाच्या खटल्यात म्हटलं होतं, की तीन मुलांपैकी कोणी केलं हे आईवडिलांना माहीत असेल आणि तरी ते नाव सांगायचं नाकारत असतील तर नाकारा, पण मग भुर्दंड तुमचा.

भाचा तेव्हा महिन्याला ठरलेलीच रक्कम काढता येणाऱ्या खात्यावर जगत होता. मी नाव सांगितलं असतं तर पुढचा लिफाफा त्याच्या वसतिगृहात गेला असता. मी नाव सांगितलं नाही. वकीलबाईंनी हमीपत्राची भाषा सौम्य करून घेतली, रक्कम साडेसहाशेवर आणली, आणि मी ती भरली. ताईला आजपर्यंत सांगितलेलं नाही. ताई आपल्याच शाळेची, चार वर्षं पुढची. ही स्मरणिका तिच्या हाती पडणार हे आत्ता बोलताना लक्षात येतंय. असो.

त्यानंतर मी हा विषय वाचायला लागलो. रागाने म्हणा.

जर्मनीत स्वतःच्या उपयोगासाठी प्रत काढायला कायदा परवानगी देतो, हे मला आधी माहीतच नव्हतं. विकत घेतलेल्या सीडीची प्रत काढून गाडीत ठेवा, चालेल. पण अट आहे: ज्यावरून प्रत काढता ते उघडउघड बेकायदा बनवलेलं किंवा बेकायदा जाळ्यावर टाकलेलं नसावं. हा दुसरा भाग, जाळ्यावर टाकण्याचा, २००८ पासून आला. आता थिएटरात चालू असलेला सिनेमा फुकट मिळतोय, तर तो उघडउघड बेकायदा आहे हे शाळकरी मुलालाही कळतं.

तिथून तासाभराच्या अंतरावर बाझेल, म्हणजे स्वित्झर्लंड. तिथे आपली एक मैत्रीण औषधांच्या कंपनीत आहे, तिनेच ग्रुपवर "चक्क कायदेशीर" असं लिहिलं होतं. ते बरोबर आहे. तिथल्या कायद्यात स्वतःच्या आणि जवळच्या माणसांच्या उपयोगासाठी सिनेमा, गाणी, पुस्तकं उतरवून घेता येतात, आणि मूळ ठिकाण बेकायदा असलं तरी घेणाऱ्याला दोष नाही. २०२० साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली तेव्हाही हे तसंच ठेवलं. सॉफ्टवेअर आणि खेळांचे प्रोग्राम मात्र यातून वगळलेले. आणि वाटणं तिथेही बेकायदा, म्हणजे टॉरेंट तिथेही अडचणीचंच. शिवाय २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने खाजगी कंपनीने असे जोडणीचे क्रमांक गुपचूप गोळा करणं बेकायदा ठरवलं, त्यामुळे जर्मनीसारखा लिफाफ्यांचा धंदा तिथे उभाच राहिला नाही.

बाझेलहून आठ नंबरची ट्राम निघते ती सीमा ओलांडून जर्मनीच्या वाइल गावात येते. त्या ट्राममध्ये बसून कुणी स्विस हद्दीत एखादं गाणं उतरवून घेतलं तर ते चालतं, आणि तेच दोन थांब्यांनंतर जर्मन हद्दीत केलं तर नाही. तुमचा पासपोर्ट कुठला, संकेतस्थळ कुठल्या देशातून चालतं, हे इथे दुय्यम. तुम्ही त्या क्षणी कुठे बसलेले आहात ते मुख्य. भाच्याने सिनेमा पुण्यात उतरवला, पण वाटला गेला तो फ्रायबुर्गमधून, म्हणून कायदा फ्रायबुर्गचा.

हॉलंडची कथा मला सगळ्यात मजेशीर वाटते. तिथेही २०१४ पर्यंत स्विससारखंच होतं, उतरवून घेणं माफ. त्याची भरपाई म्हणून कोऱ्या सीडीवर एक आकार बसवलेला, तो कलावंतांना जायचा. कोऱ्या सीडी आयात करणारे व्यापारी म्हणाले, बेकायदा डाउनलोडचं नुकसान आमच्या आकारात का धरता? प्रकरण युरोपीय न्यायालयात लक्झेंबर्गला गेलं. १० एप्रिल २०१४ ला निकाल लागला: खाजगी प्रतीची सवलत बेकायदा ठिकाणाहून घेतलेल्या प्रतीला लागूच होत नाही. व्यापाऱ्यांचं काम झालं, आणि त्याच दिवशी सगळ्या डच जनतेचं डाउनलोड बेकायदा झालं. सीडीच्या पैशांसाठी भांडणाऱ्यांनी सिनेमा बघणाऱ्यांचा हक्क घालवला.

कॅनडातही कोऱ्या सीडीमागे २९ सेंट आकार आहे आणि त्या बदल्यात संगीताची खाजगी प्रत माफ आहे. फक्त संगीताची. आपल्या टोरांटोच्या मैत्रिणीचं "चालतं बहुतेक" यातल्या 'बहुतेक'वर तोललेलं आहे, कारण सिनेमा किंवा पुस्तकाला ही सवलत नाही. मात्र २०१२ च्या दुरुस्तीने तिथे एक चांगली गोष्ट केली: धंद्यासाठी नसलेल्या उल्लंघनाला कायद्याने ठरवलेली भरपाई सगळं मिळून जास्तीत जास्त ५००० डॉलर. २०१५ पासून इंटरनेट कंपनी तुम्हाला हक्कदाराची नोटीस पुढे पाठवते, आणि अशा नोटिशीत पैशाची मागणी घालायला २०१८ मध्ये बंदी आली. माझ्या लिफाफ्यावर नुसतं कॅनडाचं तिकीट असतं तर, असं वाटून गेलं.

जपानबद्दल आपल्या टोकियोकराने लिहिलं ते अतिशयोक्ती नव्हे. बेकायदा गाणी आणि चित्रफिती जाणूनबुजून उतरवणं २०१० पासून बेकायदा, आणि १ ऑक्टोबर २०१२ पासून फौजदारी गुन्हा: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा वीस लाख येनपर्यंत दंड. २०२१ पासून पुस्तकं आणि मांगा, म्हणजे तिथली चित्रकथा, हेही त्यात आलं. मोठ्या पुस्तकातलं एखाददुसरं पान उतरवलं तर सूट आहे. जगात इतक्या स्पष्ट शब्दांत 'घेणाऱ्याला' धरणारा कायदा मी दुसरा वाचलेला नाही.

अमेरिकेत आपली सतरा माणसं आहेत, त्यांना वाईट वाटू नये म्हणून तिकडे थोडं थांबतो. मिनेसोटातल्या एका आईवर २४ गाण्यांसाठी खटला झाला. तिथल्या कायद्यात नुकसान सिद्ध करायची गरज नाही, प्रत्येक कलाकृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर आणि जाणूनबुजून केलं असेल तर दीड लाखापर्यंत असा भरपाईचा तक्ताच आहे. २००७ मध्ये पंचांनी ठरवलं २,२२,००० डॉलर. फेरखटला झाला, २००९ मध्ये दुसऱ्या पंचांनी ठरवलं १९,२०,०००. न्यायाधीशांनाच ते भयंकर वाटलं, त्यांनी ५४,००० वर आणलं. गाण्यांच्या कंपन्यांना ते मान्य नाही, तिसरा खटला, २०१० मध्ये १५ लाख. शेवटी २०१२ मध्ये अपील न्यायालयाने पुन्हा पहिला आकडा कायम केला. गाणी तीच, बाई तीच. मी गणितात कच्चा नव्हतो, सर साक्षीला आहेत, पण एका गाण्याची किंमत २,२५० डॉलर का ८०,००० डॉलर हे मला कुठल्याच सूत्रात बसवता आलं नाही.

आणि आता एक कोडं, खास आपल्या शाळेसाठी. पाचवीत आपल्याला 'श्यामची आई' वाचून दाखवली होती. दर शनिवारी शेवटचा तास. ते पुस्तक डाउनलोड करणं कायदेशीर आहे का?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०१० च्या अखेरपर्यंत. १ जानेवारी २०११ पासून ते पुस्तक भारतात सगळ्यांचं. कॅनडात तेव्हा मुदत ५० वर्षं होती, म्हणून तिथे दहा वर्षं आधीच मोकळं झालं. नंतर तिथे मुदत ७० केली, पण मोकळं झालेलं परत बांधलं नाही. आणि अमेरिकेत? तिथला नियम असा, की परदेशी पुस्तकाचा हक्क १ जानेवारी १९९६ ला त्याच्या मायदेशात जिवंत असेल तर अमेरिकेतही तो जिवंत धरायचा, आणि अशा जुन्या पुस्तकांना प्रकाशनापासून ९५ वर्षं. पुस्तक १९३५ चं. म्हणजे २०३० च्या अखेरपर्यंत! कायद्याच्या अक्षरानुसार न्यू जर्सीतला आपला मित्र आपल्या नातवाला वाचून दाखवायला ते पुस्तक फुकट उतरवून घेतो तेव्हा तो उल्लंघन करतो, आणि त्याच संध्याकाळी टोरांटोतली मैत्रीण तेच करते तेव्हा नाही. त्याच्यावर खटला कुणी भरणार नाही, हे मलाही कळतं. पण कायदा हा असा आहे.

आता आपला देश. आपल्याकडे दोन टोकाच्या समजुती आहेत. एक, सगळं चालतं. दुसरी, बघितलं तरी तुरुंग. दुसरी समजूत २०१६ साली पसरली. बंद केलेली संकेतस्थळं उघडली की एक सूचना यायची, की यातला मजकूर पाहणं, उतरवणं, दाखवणं हा गुन्हा असून तीन वर्षं कैद होऊ शकते. 'ढिशूम' सिनेमाच्या प्रकरणात ही सूचना मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यापुढे आली. त्यांनी स्पष्ट केलं, की नुसतं पाहणं हा गुन्हा नाही. गुन्हा आहे तो परवानगीशिवाय वाटण्यात, जाहीर दाखवण्यात, विकण्यात किंवा भाड्याने देण्यात. म्हणजे पुन्हा आपला कॅसेटवाला आणि गणपती मंडळच.

पण उतरवून घेण्याचं काय? कायदा म्हणतो, इलेक्ट्रॉनिक साधनात साठवणं हीसुद्धा प्रत काढणंच, आणि तो हक्क मालकाचा. त्याच कायद्याच्या ५२व्या कलमात खाजगी वा वैयक्तिक उपयोगासाठी, संशोधन धरून, न्याय्य वापराला सूट आहे. सॉफ्टवेअरला नाही, बाकी कुठल्याही कलाकृतीला आहे. आता 'न्याय्य' म्हणजे काय? एका लेखाची प्रत संदर्भाला ठेवली तर न्याय्य, हे पटतं. कालच लागलेला अख्खा सिनेमा उतरवला तर तेही न्याय्य, असं म्हणायला माझ्या ओळखीचा एकही वकील तयार नाही. ठाम नाहीही कुणी म्हणत नाही. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला मात्र सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र ठरवला. थिएटरात बसून सिनेमा टिपणाऱ्यांसाठी २०२३ पासून वेगळी कडक शिक्षा आली. आणि दुकान, क्लास, दवाखाना चालवणाऱ्या मित्रांनो, संगणकावर चोरीचं सॉफ्टवेअर आहे हे माहीत असून ते नुसतं वापरलंत तरी वेगळा गुन्हा आहे. तिथे 'मी वाटलं नाही' चालत नाही.

शिक्षक मंडळींसाठी एक चांगली बातमी. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड आणि केंब्रिजसारख्या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला होता. तिथे अभ्यासक्रमातल्या पुस्तकांच्या प्रकरणांच्या प्रती एकत्र बांधून मुलांना मिळत. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. शिकवण्याच्या ओघात काढलेल्या प्रतींना कायद्यातच सूट आहे, असं सांगितलं. डिसेंबरमध्ये खंडपीठाने ते तत्त्व कायम ठेवलं आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. तेव्हा सर, तुम्ही आम्हाला चक्रमुद्रित करून दिलेले ते भूमितीचे कागद, त्यांची काळजी करू नका.

आता जे सांगायचं आहे त्यासाठी मी हा विषय घेतला.

आपल्या मराठीच्या बाईंनी निवृत्तीनंतर एक पुस्तक काढलं, २००९ साली, पदरचे पैसे घालून. ५०० प्रती. आपल्यापैकी एकाने प्रेमापोटी ते पान-पान मोबाईलवर टिपून त्याची पीडीएफ केली आणि दिवाळीत ग्रुपवर टाकली. 'आपल्या बाईंचं पुस्तक, सर्वांनी वाचा आणि पुढे पाठवा.' दोनशेच्या वर माणसांचा ग्रुप. तो आता खाजगी उपयोग राहत नाही, तो गणपतीचा चौक होतो. त्याच्यावर मी टीका करत नाही, कारण मी स्वतः काय केलं ते ऐका. मी ती पीडीएफ फ्रायबुर्गहून ताईला पाठवली आणि आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकली. अंगठे, फुलं, हात जोडलेले, भरपूर आलं. साडेसहाशे युरो भरलेला, हमीपत्रावर सही केलेला, डच निकालाची तारीख तोंडपाठ असलेला मी! मला एक क्षणभरही वाटलं नाही, की हे तेच आहे. सिनेमाचा मालक लिफाफा पाठवतो, म्हणून तो मालक वाटतो. बाई पाठवत नाहीत.

बाई आपल्या ग्रुपवर आहेत. त्या काही बोलल्या नाहीत. मला हे पंधरा दिवसांनी लक्षात आलं आणि मी त्यांना फोन केला. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, ते सगळं विसरलो, आणि एकदम "बाई, चुकलं" म्हणालो, आठवीत म्हणायचो तसं. त्या हसल्या. म्हणाल्या, "अरे, विचारलं असतंत तर मी नाही म्हणाले असते का? माळ्यावर अजून तीन गठ्ठे आहेत." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि त्या तुमच्या पीडीएफमध्ये ४६ आणि ४७ ही पानं नाहीत. दोन पानं एकदम उलटली असणार टिपताना. मी रोज वाट बघत होते, कुणी विचारेल म्हणून, की बाई, कविता मध्येच कशी तुटली?"

दोनशे माणसं, आणि मी, आणि आमचं मंडळ. कुणीच विचारलं नव्हतं.

बाईंची आजची परवानगी घेऊनच हे सांगतोय. ते तीन गठ्ठे बाहेर नोंदणीच्या टेबलाशेजारी आहेत. किंमत छापलेली ८० रुपये, बाई वाढवायला तयार नाहीत. मी फ्रायबुर्गच्या मंडळासाठी २५ प्रती बाजूला काढल्यात, विमानात वजन बसलं तर.

एक कामाची गोष्ट सांगून बसतो. संयोजकांनी सकाळी विचारलं, की स्मरणिका छापून झाल्यावर तिची पीडीएफ ग्रुपवर टाकायची का. स्मरणिका समितीची असली तरी त्यातला प्रत्येक लेख, कविता, फोटो ज्याचा त्याचा आहे, आणि परवानगी लेखी असावी असं आपला कायदा म्हणतो. तेव्हा माझ्या या भाषणापुरती ही लेखी परवानगी समजावी: टाका, फिरवा, छापा, फक्त पानं गाळू नका. बाकीच्यांना एकेकाला विचारा, नकार कुणी देईलसं वाटत नाही. बाईंच्या दोन कविता यात आहेत. त्यांना फोन संध्याकाळी सातनंतर करा. दुपारी त्या झोपतात.